आप्पांच्या चिप्स, आमच्याच लॅबमध्ये

"ताई, गाठ तर काढून टाकली ना, मग आता परत तपासायचं काय राह्यलं?" आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो. हातात प्लास्टिकची बाटली, बाटलीत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात पांढरट पिवळट तुकडे, विचारणारा माणूस दोन रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपलेला, पैसे मोजून मोजून थकलेला. मी त्याला काय सांगते ते इथं एकदा सगळं नीट लिहून काढायचं असं खूप दिवस मनात होतं, आणि आता लिहितेय कारण ह्या जानेवारीत तशीच एक बाटली माझ्या आप्पांची होती.

मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबला हिस्टोपॅथमध्ये टेक्निशियन आहे, १६ वर्षं झाली. रक्त-लघवी तपासतात तो विभाग वेगळा. आमच्याकडे येतं ते ऑपरेशनमध्ये काढलेलं मांस. पित्ताशय, गर्भाशय, अपेंडिक्स, गळ्याच्या गाठी, आणि प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या नळीभोवतीची ग्रंथी. लोक सगळ्यालाच बायोप्सी म्हणतात, आम्ही पण आता तसंच म्हणतो.

आप्पा ७१ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, मागावर काय बिघडलंय ते नुसत्या आवाजावरनं ओळखायचे. गेली दोन वर्षं रात्री पाच-सहा वेळा उठायचे, आणि आमच्याकडं नळाला पाणी यायचं त्या रात्री सगळं घर जागंच असतं म्हणून कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही, आईला वाटायचं पाणी आलं का बघायला उठतात. नंतर धार बारीक झाली, बाथरूममध्ये दहा दहा मिनिटं, आणि दिवाळीनंतर एका दिवशी लघवी पूर्ण अडकली. नळी घालावी लागली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६८ ग्रॅम निघालं (तरुणपणी ते साधारण २० ग्रॅमचं असतं), पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ३.१. गोळ्या देऊन बघितलं, नळी काढली की परत अडकायचं, मग डॉक्टर म्हणाले दुर्बिणीनं करून टाकू.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे टीयूआरपी. पोटावर कुठं चिरत नाहीत, लघवीच्या मार्गातनंच दुर्बीण आत घालतात, तिच्या टोकाला तारेचं बारीक वळं असतं त्यात करंट सोडून प्रोस्टेटचा आतला फुगलेला भाग पट्ट्या पट्ट्यांनी खरवडून काढतात. त्या पट्ट्या मूत्राशयात पडतात, शेवटी पाण्यानं खळबळून बाहेर काढतात आणि गाळून घेतात. त्यालाच ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, चिप्स म्हणतात. दिसायला ओल्या खोबऱ्याच्या वाकड्या कापांसारख्या, एक-दीड सेंटीमीटरच्या, हाताला रबरासारख्या, आणि कडा करंटनं करपलेल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकून बाहेर बसले होते. दीड तासानं वॉर्डबॉयनं बाटली आणून दादाच्या हातात दिली, "हे लॅबला नेऊन द्या". मी ती बघितली आणि माझ्या पोटात कसंतरीच झालं. ५० मिलीची डबी, चिप्स तोंडापर्यंत दाबून भरलेल्या, वर कसंबसं बोटभर फॉर्मालिन. नाव झाकणावर लिहिलेलं. झाकणावर! झाकणं बदलतात हो, एका टेबलावर चार डब्या उघडल्या की कुठलं झाकण कुठल्या डबीचं हे कोण सांगणार, नाव कधीही डबीच्या अंगावर पाहिजे. हॉस्पिटल चांगलं आहे, डॉक्टरांचा हात उत्तम आहे, आप्पा आज बरे आहेत ते त्यांच्यामुळंच, म्हणून नाव लिहीत नाही आणि लिहायचंही नाही. पण हे असं मी १६ वर्षं बघतेय आणि प्रत्येक वेळी तेवढंच वाईट वाटतं, कारण आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मायक्रोस्कोपखाली जे बघणार ते त्या डबीत काय झालं त्याच्यावर अवलंबून असतं.

फॉर्मालिनचं कारण सांगते. मांस शरीरातनं बाहेर आलं की पेशी आपोआप विरघळायला लागतात, आतलीच रसायनं त्यांना खाऊन टाकतात. फॉर्मालिन ते थांबवतं, पेशी आहे त्या जागी आहे तशी धरून ठेवतं. बाजारात मिळणारं कडक फॉर्मालिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, शिवाय त्यात फॉस्फेटचे क्षार, असं करून आम्ही वापरायचं १० टक्क्यांचं बनवतो. ते आत शिरतं फार हळू, तासाला मिलीमीटरभर धरा. म्हणून तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मालिन पाहिजे, आणि तुकडे त्यात मोकळे हलले पाहिजेत. दाबून भरलेल्या डबीत मधल्या चिप्सपर्यंत ते पोचतच नाही, बाहेरच्या टणक होतात आणि मधल्या सडतात. मी तिथनंच लॅबला फोन केला, लॅबमधला मुलगा गाडीवर मोठी बाटली आणि फॉर्मालिन घेऊन आला, आणि हॉस्पिटलच्याच एका बेसिनपाशी हातमोजे घालून मी आप्पांच्या चिप्स त्या बाटलीत ओतल्या. आप्पा आत अजून भुलीत होते. वासानं डोळ्यांत पाणी येतंच, त्या दिवशी नुसत्या वासानं नव्हतं आलं.

आता मी टेक्निशियन आहे म्हणून मला कळलं, बाकीच्यांना कोण सांगणार. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावातनं एक बाई एसटीनं आल्या, नवऱ्याचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं, आणि चिप्स सलाईनमध्ये. सलाईनमध्ये! मे महिना, आपल्याकडचं ४३ डिग्रीचं ऊन, बाटली पिशवीत, पिशवी मांडीवर. झाकण उघडलं तेव्हाच मला कळलं. मॅडमनी तरी सगळं करून बघितलं, स्लाइडवर नुसते पेशींचे पुसट ठसे, रिपोर्टमध्ये लिहावं लागलं की तुकडा तपासण्यायोग्य राहिला नव्हता. त्या बाईंना हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. त्यांची काय चूक? त्यांनी तर ती बाटली उन्हातनं पदराखाली झाकून आणली होती. तुकडा परत मिळत नाही, तो एकदाच निघतो.

आणि ह्याहून वाईट म्हणजे पाठवतच नाहीत ते. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं झालं तसं, "साधीच गाठ दिसतेय, कशाला खर्च वाढवता" असं कुणीतरी म्हणालं, काकांनाही बरं वाटलं, चिप्स कचऱ्यात गेल्या. साधी आहे का नाही ते डोळ्यांनी दिसत नाही. मला इतकी वर्षं झाली तरी मी डबीत बघून सांगू शकत नाही, मॅडम सांगू शकत नाहीत.

बरं, लॅबमध्ये पुढं काय होतं.

पहिल्यांदा वजन. आप्पांच्या चिप्स ३४ ग्रॅम भरल्या. वजन महत्त्वाचं कारण किती माल तपासायला घ्यायचा ते त्याच्यावर ठरतं. तुकडे भरायला प्लास्टिकची जाळीदार डबी असते, काडेपेटीपेक्षा लहान, तिला कॅसेट म्हणतात. नियम असा की १२ ग्रॅमपर्यंत असेल तर सगळंच्या सगळं घ्यायचं, ते सहा ते आठ कॅसेटमध्ये बसतं, आणि १२ च्या वर असेल तर पुढच्या दर ५ ग्रॅमला एक कॅसेट वाढवायची. आप्पांच्या झाल्या आठ आणि पाच, तेरा. निवडताना मॅडम चिप्स ट्रेमध्ये पसरून एक एक बघतात, जी जास्त पिवळी किंवा जास्त टणक वाटेल ती आधी. उरलेल्या परत फॉर्मालिनमध्ये ठेवतात, टाकत नाहीत. हे उरलेलं लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम पडलं.

कॅसेटवर पेन्सिलीनं नंबर टाकतात कारण शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. मग रात्रभर मशीनमध्ये. आधी अल्कोहोल, हलक्यापासून कडकपर्यंत, त्यात तुकड्यातलं सगळं पाणी निघून जातं, मग झायलीन, आणि शेवटी ६० डिग्रीला वितळलेलं मेण. जिथं जिथं पाणी होतं तिथं तिथं मेण जाऊन बसतं. सकाळी तो तुकडा साच्यात ठेवून वर मेण ओतलं की झाला ब्लॉक. आता तो वर्षानुवर्षं राहतो, खराब होत नाही.

आणि मग माझं काम, कटिंग. मायक्रोटोम म्हणजे हातानं फिरवायचं चाक असलेलं मशीन, ब्लॉक खालीवर होतो आणि समोरच्या ब्लेडवर घासून ३-४ मायक्रॉनचा पापुद्रा निघतो. डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो त्यावरनं अंदाज करा. पापुद्रे एकाला एक चिकटून फीत निघते तिला रिबन म्हणतात, ती ब्रशनं उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर अलगद झेलायची. उन्हाळ्यात आपल्याकडं हे फार अवघड होतं, मेण मऊ पडतं, रिबन गोळा होते, म्हणून ब्लॉक बर्फाच्या ट्रेवर पालथे ठेवायचे आणि एक एक उचलून कापायचा. आप्पांच्या वेळी जानेवारी होता, थंडी होती, रिबन सरळ निघत होती. मॅडम म्हणाल्या होत्या तू नको करू, दुसऱ्याला देते. मी म्हटलं मीच करते. तेरा ब्लॉक कापले आणि त्या दिवशी चाक फिरवताना कुणाशी एक शब्द बोलले नाही.

मग रंग. पेशी मुळात बिनरंगी, मायक्रोस्कोपखाली ठेवल्या तरी काही दिसत नाही. म्हणून हिमॅटॉक्सिलिननं पेशीचं केंद्र निळं-जांभळं करायचं आणि इओसिननं बाकीचं गुलाबी. हे हिमॅटॉक्सिलिन एका झाडाच्या लाकडातनं काढतात, मध्य अमेरिकेकडचं झाड, आणि त्या लाकडानं पूर्वी कापड रंगवायचे. ते नुसतं चढत नाही, सोबत तुरटीसारखं काहीतरी लागतं धरून ठेवायला. हे मी नंतर आप्पांना सांगितलं तर ते अंथरुणात उठून बसले. "म्हणजे डाईंगच की गं! तुरटीशिवाय रंग धरत नाही, हे आमच्या डाईंगवाल्यांना बी ठाव." १६ वर्षं मी काय काम करते हे आप्पांना एका वाक्यात त्या दिवशी कळलं.

आता मॅडम काय बघतात. प्रोस्टेट म्हणजे बारीक बारीक ग्रंथी आणि त्यांच्यामध्ये स्नायू. चांगल्या ग्रंथीच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात, आतला रस बनवणारा आणि बाहेरचा चपट्या पेशींचा, त्यांना बेसल पेशी म्हणतात. वयानं वाढलेल्या साध्या प्रोस्टेटमध्ये ग्रंथी फुगलेल्या, वेड्यावाकड्या, मध्ये गोल गोल गुलाबी खडे साठलेले, पण दोन थर जागेवर. कॅन्सरमध्ये बाहेरचा थर जातो. ग्रंथी लहान होतात, गर्दी करतात, चांगल्या ग्रंथींच्या मधल्या जागेत घुसतात आणि पेशीच्या केंद्रातला ठिपका ठळक दिसायला लागतो. सोपं वाटतं लिहिताना. पण चिप्सच्या कडा करंटनं करपलेल्या असतात, तिथल्या पेशी ताणलेल्या चेंगरलेल्या, त्यात ओळखायला वर्षांचा अनुभव लागतो, आणि कधी कधी अनुभवालाही खात्री देता येत नाही.

आप्पांच्या बारा स्लाइड साध्या होत्या. नवव्या ब्लॉकवर मॅडम थांबल्या. मला आवाज दिला नाही, मीच बघितलं की त्या एकाच स्लाइडवर खूप वेळ आहेत, लेन्स बदलतायत, परत पहिल्यापासून. संध्याकाळी सगळे गेल्यावर मला आत बोलावलं. "एका चिपमध्ये थोड्या ग्रंथी मला आवडलेल्या नाहीत. मी आत्ता काही म्हणत नाही. आयएचसी करू." मी मान हलवली आणि बाहेर येऊन बर्फाचा ट्रे धुवत बसले.

आयएचसी म्हणजे वेगळ्या प्रकारचा रंग, पेशीतलं ठराविक प्रोटीन असेल तरच उमटतो. प्रोस्टेटला मुख्यतः पी-६३ आणि एक केराटिन लावतात, ते बेसल पेशींत उमटतात, आणि एएमएसीआर, ते कॅन्सरच्या पेशींत जास्त उमटतं. म्हणजे पहिले दोन गायब आणि तिसरं हजर असेल तर संशय पक्का. आमच्याकडं ते होत नाही, ब्लॉक पुण्याला पाठवला. त्याच दिवशी मॅडमनी ती उरलेली बाटली काढायला लावली, एका चिपमध्ये संशय आला म्हणजे आता राखीव ठेवलेलं सगळं घ्यायचं. अजून नऊ कॅसेट झाल्या. मोठ्या बाटलीत ओतलं नसतं तर त्यातल्या किती वाचल्या असत्या?

ते दहा दिवस घरात मी काही बोलले नाही. नळी निघाली होती, आप्पा मोकळे झाले होते, सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, नंदीध्वज निघालेले, आणि आप्पा म्हणतात अक्षता सोहळ्याला नेऊन सोडा, लांबनं बघतो. डॉक्टरांनी गर्दीत जायचं नाही, जोर करायचा नाही सांगितलेलं. शेवटी दादानं मोबाईलवर लाइव्ह लावून दिलं. ते बघत होते हात जोडून आणि मी स्वयंपाकघरातनं त्यांच्याकडं बघत होते. आईनं विचारलं, रिपोर्टला एवढे दिवस का लागायलेत, तुझीच लॅब ना. म्हटलं पुण्याहून यायचाय.

इथं एक सांगते, उशीर झाला की लोक काउंटरवर चिडतात आणि मला त्यांचा राग येत नाही. साधा रिपोर्ट आठ दिवसांत मिळतो. त्यापेक्षा जास्त लागले तर विचारा, का लागतायत, परत ब्लॉक कापताय का, आयएचसीला गेलंय का. विचारायचा तुमचा हक्क आहे. फक्त घाई करून अर्धवट रिपोर्ट मागू नका.

रिपोर्ट आला. प्रोस्टेटची साधी वाढ, आणि बावीस ब्लॉकपैकी एकाच ब्लॉकमधल्या एका चिपमध्ये अगदी छोटा कॅन्सर, ग्लीसन ३+३=६, ग्रेड ग्रुप १, एकूण मालाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे टी-१-ए.

दादानं तो वाचला आणि खुर्चीत बसला. "दहापैकी सहा? म्हणजे साठ टक्के?" त्याच्या तोंडाकडं बघवेना. आणि मला वाटतं हे एवढंसं जरी कुणी वाचून लक्षात ठेवलं तरी माझं लिहिणं कामाला आलं, की हे मार्क नाहीत. डोनाल्ड ग्लीसन नावाचे अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट, त्यांनी १९६६ साली ही पद्धत मांडली. कॅन्सरच्या ग्रंथींची रचना कशी बिघडत जाते त्याचे त्यांनी पाच नमुने केले, १ म्हणजे जवळजवळ साध्यासारखी आणि ५ म्हणजे ग्रंथीचा आकारच राहिला नाही, पेशी सुट्या सुट्या. तुकड्यात सगळ्यात जास्त दिसणारा नमुना आणि त्याच्या खालोखालचा, दोघांची बेरीज. एकच नमुना असेल तर तोच दोनदा. पण १ आणि २ हे नमुने आता पॅथॉलॉजिस्ट जवळजवळ देतच नाहीत. म्हणून प्रत्यक्षात सुरुवातच ६ पासून होते. ६ म्हणजे सगळ्यात खालची पायरी! हा गोंधळ जगभर होत होता म्हणूनच २०१४ मध्ये तज्ज्ञांनी बसून ग्रेड ग्रुप १ ते ५ असे केले. ६ म्हणजे ग्रुप १. ७ चे दोन भाग, ३+४ म्हणजे ग्रुप २ आणि ४+३ म्हणजे ग्रुप ३, बेरीज तीच पण दुसऱ्यात बिघडलेला भाग जास्त. ८ म्हणजे ४, आणि ९-१० म्हणजे ५. तुमच्या घरच्या रिपोर्टमध्ये नुसतं ७ लिहिलं असेल तर कुठला आकडा आधी आहे हे नक्की विचारा, उपचार त्यानं बदलू शकतो.

मी दादाला हे कागदावर काढून दाखवलं, तेव्हा तो रडला. आधी रोखून धरलेलं ते.

टी-१-ए चं पण सांगते. साध्या वाढीसाठी काढलेल्या चिप्समध्ये कॅन्सर अचानक सापडला आणि तो एकूण मालाच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी असला तर टी-१-ए, जास्त असला तर टी-१-बी. म्हणजे किती चिप्स आल्या, त्यातल्या किती तपासल्या ह्याच्यावर हा आकडा उभा आहे. निम्म्या चिप्स ओटीतल्या गाळणीत राहिल्या, किंवा कुणी दोन-चारच नमुन्याला पाठवल्या, तर तो आकडा खोटा होतो. आप्पांच्या शेवटच्या चिपपर्यंत बघितलं म्हणून मॅडम खात्रीनं लिहू शकल्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट नीट समजावला. लगेच काही करायची गरज नाही, पण लक्ष ठेवायचं. काही आठवड्यांनी आतली जखम भरल्यावर एमआरआय केला, संशयाचं काही दिसलं नाही, पीएसए ०.९ वर आलं. आता ठरल्या ठरल्या महिन्यांनी पीएसए, आणि वाढलं तर सुईची बायोप्सी. कारण दुर्बिणीनं काढतात तो प्रोस्टेटचा आतला भाग, लघवीच्या नळीभोवतीचा, साधी वाढ तिथंच होते. कॅन्सर मात्र ७० टक्क्यांच्या आसपास बाहेरच्या सालीत होतो, आणि साल तर आतच राहिलेली असते. म्हणून ज्यांचा चिप्सचा रिपोर्ट एकदम साधा आलाय त्यांनाही मी सांगते, आनंद करा, पण प्रोस्टेट संपलं असं समजू नका, पीएसए चालू ठेवा.

पूर्ण प्रोस्टेट काढतात ते ऑपरेशन वेगळं, कॅन्सर आधीच माहीत असतो तेव्हाचं. तसे नमुने आमच्याकडं कमी येतात, पण आला की मला तो दिवस आठवणीत राहतो. अक्रोडाएवढा किंवा थोडा मोठा गोळा, मागं दोन शुक्राशयं लटकलेली. कापायच्या आधी त्याला बाहेरनं शाई लावायची, उजवीकडं एक रंग, डावीकडं दुसरा, सुकू द्यायचं, मग ३ ते ५ मिलीमीटरच्या चकत्या. का, तर नंतर स्लाइडवर कॅन्सर शाईला टेकलेला दिसला म्हणजे सर्जननं कापलेल्या कडेपर्यंत तो होता, आत काही राहिलं असण्याची शक्यता. शाईच्या अलीकडं थांबला तर कड मोकळी. रिपोर्टमध्ये मार्जिन लिहितात ते हेच.

आणि लेझरनं करणार असाल तर ऑपरेशनच्या आधीच विचारा की तुकडा मिळणार का. एका प्रकारात गाठ सोलून, बारीक करून बाहेर काढतात, ती तपासता येते. दुसऱ्या प्रकारात ती आतल्या आत वाफ करून टाकतात, तेव्हा लॅबला पाठवायला काही उरतच नाही. चूक बरोबर मी म्हणणार नाही, ज्याच्या त्याच्या तब्येतीवर डॉक्टर ठरवतात, पण मग पीएसए आणि बाकीची तपासणी आधी नीट झालेली पाहिजे.

मार्चमध्ये आप्पा म्हणाले मला बघायचंय. मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. रविवारी दुपारी लॅब रिकामी असताना दादा त्यांना घेऊन आला. टोपी काढून बाजूला ठेवली, चष्मा वर केला, दोन डोळ्यांनी बघायचं त्यांना जमेना, मग एक डोळा मिटून बघितलं. मी नववी स्लाइड लावली. आधी साधा भाग. "लय गुलाबी हाय." मग मी स्लाइड हळूच सरकवून तिथं आणली. काही बोलले नाहीत. मागावरच्या चेकिंग टेबलापाशी उभे राहायचे तसेच कमरेत वाकून, हात मागं बांधून. खूप वेळानं म्हणाले, "हितं गर्दी झाल्या. डिझाईन मोडलंय हितं, न्हाई का?"

मी सांगितलं नव्हतं कुठं बघायचं ते.

मॅडमनी त्यांना चहा दिला, आणि जाताना आप्पांनी ब्लॉकचा तो ड्रॉवर बघायला मागितला. स्वतःच्या नंबरावरनं बोट फिरवलं, एवढंसं मेण, म्हणाले जपून ठेव.

काल संध्याकाळी बंद करायच्या वेळेला मंगळवेढ्याकडचा एक मुलगा आला, विशीचा असेल, वडिलांची बाटली घेऊन. डबी लहान, तोंडापर्यंत दाबलेली, नाव झाकणावर. मी त्याच्यासमोरच मोठ्या बाटलीत ओतलं, वजन केलं, ४१ ग्रॅम. बाटलीच्या अंगावर नाव लिहिलं आणि त्याच्याकडनं वाचून घेतलं. तो म्हणाला, "ताई, कधी कळंल?" म्हटलं आठ दिवस धर, जास्त लागले तर मीच फोन करते, नंबर लिहून जा. त्यानं दोन नंबर लिहिले, एक स्वतःचा आणि एक आईचा.